उगाळली की संपणारी चित्रे : चीनमधील शाईच्या वड्या

अकराव्या शतकात, चीनवर सोंग घराण्याचे राज्य असताना, शी चांगयेन नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याकडे ली टिंगग्वेइ या जुन्या कारागिराने घडवलेली शाई होती आणि ती तो कोणालाही उगाळू देत नसे. कोणीतरी त्याला थट्टेने म्हणाले, की तुम्ही शाईला झिजवत नाही, तेव्हा आता शाईच तुम्हाला झिजवील. कवी सू शी याने ही हकीकत टिपून ठेवली आहे आणि तिच्यापुढे एवढेच जोडले आहे, की आज चांगयेनच्या थडग्यावरची झाडे वाढून मोठी झाली, शाई मात्र आहे तशीच आहे.

लिहिण्यासाठी केलेली शाई न वापरता जपून ठेवावी, तिच्यासाठी रोगणाने मढवलेल्या पेट्या कराव्यात, तिच्या नमुन्यांचे सचित्र ग्रंथ छापावेत आणि ती मित्राला भेट देताना तिच्यावर कविता कोरून घ्यावी, हे आपल्याला नवलाचे वाटते, कारण आपल्या ओळखीची शाई बाटलीत किंवा पेनाच्या नळीत असते. जुन्या चीनमधील शाई घन होती. ती कांडीच्या किंवा वडीच्या रूपात मिळे. लिहिणाऱ्याने दगडी शाईपात्रावर थोडे पाणी घ्यायचे, आपण सहाणेवर चंदनाचे खोड उगाळतो तशी वडी उगाळायची आणि त्या दिवसाच्या कामाला लागेल तेवढीच शाई करून घ्यायची, असा रिवाज होता. असे करण्यामागे सोय होती. शाईत प्राणिज सरस असल्यामुळे पातळ शाई थोड्याच दिवसांत नासते आणि तिला वास येतो. नीट सुकलेली वडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि प्रवासात बाहीतून नेता येते. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड या चारांना चिनी परंपरेत अभ्यासिकेतील चार रत्ने म्हणतात. त्यांपैकी शाई हे एकच रत्न असे आहे, की ज्याचा उपयोग करणे म्हणजे त्याला संपवणे. शाईच्या वडीवरील चित्र किती नाजूक आहे याचे आपल्याला कौतुक वाटते. पण पुढील सगळी माहिती वाचताना हे मनात ठेवले पाहिजे, की ते चित्र अशा पृष्ठभागावर आहे, जो पाण्यात झिजून जाण्यासाठीच घडवलेला आहे.

या शाईचे मुख्य घटक दोनच आहेत : काजळी आणि सरस. आपल्याकडील पोथ्यांच्या शाईतही काजळ असे, पण ते बांधून ठेवण्यासाठी बहुधा बाभळीचा डिंक वापरत. चिनी कारागिरांनी जनावरांची कातडी आणि हरणांची शिंगे शिजवून काढलेला सरस पसंत केला. काजळी म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपातील कार्बन. तो उजेडाने विटत नाही आणि हवेने बदलत नाही. म्हणूनच हजार वर्षांपूर्वीची चिनी अक्षरे आजही गडद दिसतात. कण जितके बारीक आणि एकसारखे, तितकी शाई अधिक काळी आणि मुलायम, हे सूत्र कारागिरांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी शोधून काढले होते.

काजळी धरण्याच्या दोन रीती होत्या आणि दोन्हींचे फार सुरेख वर्णन सोंग यिंगशिंग याने 1637 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘तिआनगोंग काइवू’ या उद्योगविषयक ग्रंथात सापडते. पहिली रीत पाइनची लाकडे जाळण्याची. त्यासाठी झाडातील राळ आधी काढून टाकावी लागे, कारण राळ राहिली तर शाई चिकट होते आणि कुंचला मोकळा फिरत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याला लहान भोक पाडून आत दिवा ठेवत आणि त्या उष्णतेने झाडातील सगळी राळ हळूहळू तेथून वाहून जाई. मग लाकडे तोडून, बांबूच्या कमानींवर कागद आणि चटया डकवून केलेल्या, तीस मीटरांहून लांब अशा बोगद्याच्या तोंडाशी ती कित्येक दिवस जाळायची. धूर बोगद्यात शिरे आणि जाता जाता कागदाला काजळी धरे. आगीजवळची काजळी जाडी-भरडी असे, ती पुस्तके छापणाऱ्यांना किंवा रंगाऱ्यांना आणि गिलावा करणाऱ्यांना जाई. मधली साधारण शाईसाठी वापरत. आणि अगदी टोकाच्या एक-दोन टप्प्यांत पोचलेली, सगळ्यांत हलकी व बारीक काजळी उत्तम शाईसाठी राखून ठेवत. धुराला दूरवर चालवून त्याच्याकडूनच प्रतवारी करून घेण्याची ही युक्ती मला या सगळ्या विद्येतील सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

दुसरी रीत दिव्यांची. तुंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल दिव्यांत जाळायचे आणि ज्योतीवर पालथ्या धरलेल्या भांड्यात जमणारी काजळी वेळच्या वेळी खरवडून घ्यायची. सोंग यिंगशिंग लिहितो, की एक जिन, म्हणजे सोळा लियांग वजनाच्या, तेलातून एका लियांगहून थोडीच अधिक उत्तम काजळी निघते आणि चपळ हाताचा एक माणूस दोनशे दिव्यांकडे लक्ष देऊ शकतो; खरवडायला उशीर झाला, की काजळी जून होते. त्याच्या काळी दहापैकी नऊ भाग शाई पाइनच्या काजळीची असे आणि तेलाच्या काजळीची केवळ एक भाग. दोन्हींचा रंगही वेगळा उतरतो : पाइनची शाई निळसर छटेची आणि बिनचमकेची, तर तेलाची शाई उबदार काळ्या रंगाची व किंचित तकाकी असलेली. पुढे ज्या नक्षीदार वड्यांविषयी लिहायचे आहे, त्यांपैकी उत्तमोत्तम वड्या बहुतेक तेलाच्या काजळीच्या आहेत.

लाकडे जाळून शाई करायची म्हणजे अरण्ये संपायची. सोंग काळातील बहुश्रुत विद्वान शेन क्वो याने अकराव्या शतकातच लिहून ठेवले, की शांतुंगकडील पाइनची वने संपली आहेत आणि इतर डोंगरही उघडे पडत चालले आहेत. त्याने वायव्येकडील यानचौ भागात जमिनीतून झिरपणारे तेल गोळा करून जाळले, त्याच्या काजळीची शाई केली आणि ती पाइनच्या शाईहून वरचढ उतरल्याचे नमूद केले. हे तेल जमिनीत अपार आहे, झाडांसारखे ते संपणार नाही, असा त्याचा समज होता. त्याने या तेलासाठी वापरलेला ‘शीयोऊ’, म्हणजे दगडाचे तेल, हाच शब्द आज चिनी भाषेत पेट्रोलियमसाठी रूढ आहे.

काजळी हातात आल्यावर खरे कष्ट सुरू होतात. सहाव्या शतकातील ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात शाईची जी कृती दिली आहे, तिच्यात एक जिन चाळलेल्या काजळीला पाच लियांग चांगला सरस, पाच अंड्यांतील पांढरा भाग आणि एक लियांग कस्तुरी सांगितली आहे. हे सगळे लोखंडी उखळात घालून तीस हजार घाव कुटायचे आणि त्याहून जास्त कुटले तर आणखी चांगले, अशी पुस्ती जोडली आहे. तीस हजार हा आकडा अतिशयोक्त वाटेल, पण त्यामागचे कारण खरे आहे. काजळीचे कण एकमेकांना धरून गोळे करतात. ते सुटे होऊन प्रत्येकाभोवती सरसाचा पातळ थर बसला नाही, तर शाई पाण्यात नीट विरघळल्यासारखी पसरत नाही आणि अक्षर दाणेदार उमटते. सरस कमी पडला तर वडी ठिसूळ होते आणि शाई कागदावर ठरत नाही. जास्त झाला तर कुंचला जड होतो आणि रंग मंदावतो. याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की उकाड्यात शाई केली तर ती नासून दुर्गंधी सुटते आणि कडाक्याच्या थंडीत केली तर सुकत नाही, म्हणून ऋतू पाहूनच हे काम हाती घ्यावे. आणि वडी मोठी करण्यापेक्षा लहान करणे बरे. कस्तुरी, भीमसेनी कापूर यांसारखे सुगंधी पदार्थ सरसाचा वास झाकण्यासाठी आणि तो नासू नये म्हणून घालत. शाई उगाळताना अभ्यासिकेत दरवळणारा तो गंध पुढे विद्वानांच्या आवडीचाच एक भाग झाला.

आता साच्याकडे वळू. तिंबून एकजीव केलेला कोमट काळा गोळा वजन करून घेतात, हातांनी वळतात आणि लाकडी साच्यात दाबतात. हा साचा एका तुकड्याचा नसतो. वर-खाली दोन कोरीव फळ्या आणि चार बाजूंना चार पट्ट्या असे सुटे भाग एका भक्कम चौकटीत घट्ट बसवलेले असतात, म्हणजे शाई बाहेर काढताना नक्षी न मोडता साचा उलगडता येतो. आतील कोरीव काम उलटे आणि खोल असते : जी रेषा वडीवर उठून दिसायची, ती लाकडात खणावी लागते आणि जे अक्षर सरळ वाचायचे, ते आरशातल्यासारखे कोरावे लागते. ड्रॅगनचा एकेक खवला, पाण्याची लाट, विद्वानाच्या झग्याची चुणी, हे सगळे केसाएवढ्या खाचांनी लाकडात उतरवणारा माणूस शिल्पकाराच्याच तोलाचा असे, पण वडीवर त्याचे नाव क्वचितच येते. नाव असते ते दुकानमालकाचे. साच्यावर दाब देण्यासाठी लांब तुळईसारखा लाकडी दांडा असतो आणि कारागीर स्वतः त्यावर बसून आपले वजन टाकतो. निवून घट्ट झालेली वडी साच्यातून काढली, की तिच्या कडा तासतात आणि मग ती सुकायला ठेवतात. या काळात तिला पुन्हापुन्हा परतत राहावे लागते, कारण एक बाजू आधी आकसली तर वडी वाकते किंवा तडकते. लहान वडीलाही कित्येक महिने लागतात. पूर्ण सुकल्यावर उठावाच्या रेषांवर सोने, चांदी आणि रंग भरतात, आणि तेव्हा कुठे ती विक्रीला योग्य ठरते.

असे असूनही सुरुवातीच्या शाईवर चित्र वगैरे काही नव्हते. हूपेइ प्रांतातील श्वेइहूदी येथे छिन काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील, एका थडग्यात शाईचा छोटा गोळा आणि तो चेपून उगाळण्याचा दगड सापडला, आणि त्यांच्यासोबत सैनिकांनी लाकडी पट्ट्यांवर घरच्यांना लिहिलेली पत्रेही मिळाली. हान काळात दरबारी सचिवांना दर महिन्याला युमी या ठिकाणची एक मोठी आणि एक लहान शाईची गोळी सरकारातून मिळे. तेव्हा शाई हे कचेरीचे सामान होते आणि ती जिथे बनते त्या गावाचे नाव तिला पुरेसे होते. कारागिराचे नाव शाईला चिकटू लागले ते नंतर. तिसऱ्या शतकातील वेइ दान याच्या शाईचा एक थेंब रोगणासारखा काळा दिसतो, अशी ख्याती होती.

तांग घराण्याच्या अखेरीस उत्तरेत बेबंदशाही माजली, तेव्हा यीशुइ येथील शी आडनावाचे एक शाई करणारे कुटुंब दक्षिणेला, आजच्या आन्ह्वेइ प्रांतातील शेचौ येथे येऊन स्थिरावले, कारण तेथील डोंगरांवर उत्तम पाइन होता. त्यांच्या शाईवर दक्षिण तांग राज्याचा दरबार इतका प्रसन्न झाला, की त्याने त्यांना राजाचे ली हे आडनाव बहाल केले. चांगयेनने जपून ठेवलेली शाई करणारा ली टिंगग्वेइ तो याच घराण्यातला. पुढे, सोने मिळेल पण लींची शाई मिळणार नाही, असे म्हटले जाऊ लागले. 1121 मध्ये शेचौचे नाव बदलून ह्वेइचौ ठेवण्यात आले आणि तेव्हापासून आजतागायत चीनमधील उत्तम शाई ह्वेइ शाई म्हणूनच ओळखली जाते.

शाईला कलावस्तूचा मान कारागिरांच्या कौशल्याने जेवढा मिळाला, तेवढाच तो सोंग काळातील लेखक-अधिकाऱ्यांच्या वेडामुळे मिळाला, असे माझे मत आहे. शाई करणारा पान गू हा सू शीचा मित्र होता आणि कवीने त्याला आपल्या कवितेत शाईचा सिद्धपुरुष म्हटले आहे. स्वतः सू शीने तर हाइनान बेटावर हद्दपारी भोगत असताना पान हेंग नावाच्या कारागिराला हाताशी धरून शाई करण्याचा उद्योग आरंभला. तो स्वतःच लिहितो, की चिनी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात रात्री शाईच्या भट्टीने पेट घेतला आणि घर जळता जळता वाचले. ‘माणूस शाईला झिजवत नाही, शाईच माणसाला झिजवते’ ही त्याची ओळ प्रसिद्ध आहे, आणि जवळची शाई तीस वर्षे पुरेल, पण आपले केस व दात तोवर टिकतील का, या चिंतेतून ती आली आहे. राज्यकारभार परीक्षा देऊन आलेल्या लेखणीबहाद्दरांच्या हाती असलेल्या देशात शाई ही अशा माणसांची ओळख झाली. तिच्याविषयी पारख असणे हा सुसंस्कृतपणाचा पुरावा ठरला. तिच्यावर चित्र येण्याची भूमी अशी तयार झाली.

चित्रांचा खरा बहर आला तो मिंग घराण्याच्या उत्तरार्धात, सोळाव्या शतकात. ह्वेइचौचे व्यापारी तोवर मीठ, लाकूड आणि चहा यांच्या व्यापारात गबर झाले होते. डोंगराळ, शेतीला अपुऱ्या मुलखातील या माणसांना पैशाबरोबर विद्वानांच्या वर्तुळातील स्थानही हवे होते, आणि चांगली शाई ही त्या वर्तुळात शिरण्याची उत्तम वाट होती : भेट म्हणून ती उंची असूनही लाचेसारखी दिसत नसे. लुओ शियाओहुआ याच्या शाईचे वर्णन, दगडासारखी टणक, गेंड्याच्या शिंगासारखी रेषांची आणि रोगणासारखी काळी, असे करत. हा लुओ राजकारणात मात्र एका भ्रष्ट मंत्र्याच्या मुलाच्या गोटात गेला आणि 1565 मध्ये त्याच्यासोबतच देहदंडाला सामोरा गेला. शाईची किंमत त्यामुळे उतरली नाही.

त्यानंतरच्या पिढीतील दोन नावे या विषयात सर्वांत मोठी आहेत : चंग जुनफांग आणि फांग युलू. दोघेही ह्वेइचौमधील शे जिल्ह्याचे. फांग पडत्या काळात चंगच्या आश्रयाने ही विद्या शिकला, मग त्याने स्वतःचे दुकान काढले आणि दोघांत असे हाडवैर निर्माण झाले, की त्याची चर्चा त्या काळच्या लेखनात जागोजागी आढळते. फांगने ‘नऊ गूढे, तीन ध्रुव’ या नावाची शाई काढली. चंगची ‘आद्य गूढाचा चैतन्यप्राण’ या नावाची होती. फांगने 1588 च्या सुमारास आपल्या नमुन्यांचा सचित्र ग्रंथ, ‘फांग यांचा शाईसंग्रह’, छापला. त्यात 385 आकृत्या होत्या आणि शे जिल्ह्यातीलच बडे साहित्यिक अधिकारी वांग दाओकुन यांचा वरदहस्त त्याला लाभला होता. चंगने त्याला उत्तर म्हणून ‘चंग यांची शाईबाग’ हा त्याहून मोठा, सुमारे 500 आकृत्यांचा ग्रंथ 1605-06 च्या सुमारास प्रसिद्ध केला. दोघांसाठीही चित्रे काढली ती प्रामुख्याने दिंग युनपेंग या नामवंत चित्रकाराने, आणि ठसे कोरले ते याच परिसरातील ह्वांग कुटुंबातील कारागिरांनी. म्हणजे भांडण दोन दुकानदारांचे, पण हात दोन्हीकडे तेच. चंगला मधल्या काळात तुरुंगवास घडला होता आणि त्यामागे फांगच आहे, असा त्याला दाट संशय होता. म्हणून त्याने आपल्या ग्रंथात एक जुनी कथा चित्रांसह घातली, ज्या कथेत एक विद्वान शिकाऱ्यांपासून लांडग्याला वाचवतो आणि तो लांडगा मग त्या विद्वानालाच खायला उठतो. वाचकांनी लांडगा कोण ते ओळखावे, हाच हेतू.

हे ग्रंथ आजच्या अर्थाने दुकानाची सूचीपत्रके होते काय? एका अर्थाने होतेच, पण एवढे म्हणून थांबलो तर त्यांच्यातील मोठी गोष्ट निसटेल. चंगच्या ग्रंथाचे सहा विभाग आहेत : विश्व आणि आकाश, भूगोल, माणसे आणि अधिकारपदे, वस्तू, कन्फ्यूशियसच्या परंपरेचे ज्ञान, आणि बौद्ध व ताओ पंथ. शाईच्या वडीवर काय असू शकते, याचे उत्तर ते ‘जगातील सगळे काही’ असे देतात. नक्षत्रे, पवित्र पर्वत, प्राचीन कांस्यपात्रे, दंतकथांतील प्राणी, बोधिसत्त्व, अक्षरकोडी या सर्वांना तळहाताएवढ्या गोल किंवा चौकोनी काळ्या चकतीत स्थान आहे आणि प्रत्येकासोबत नामवंतांची स्तुतिपर गद्ये व कविता आहेत. चित्रकार आणि सुलेखनकार दोंग चिचांग याने चंगविषयी लिहिले, की शंभर वर्षांनंतर चंग नसेल पण त्याची शाई असेल आणि हजार वर्षांनंतर शाईही नसेल पण त्याचे नाव असेल. हे बोल खरे होऊ लागले आहेत. चंगच्या वड्या आज फारच थोड्या उरल्या आहेत आणि त्याच्या नक्षीकामाची कल्पना येते ती मुख्यतः कागदावरील ग्रंथामुळे. दोघांच्या नावाने नंतर इतक्या नकली वड्या निघाल्या, की खऱ्याची पारख करणे हे एक स्वतंत्र शास्त्रच झाले.

या ग्रंथाला एक अनपेक्षित पाहुणाही लाभला. इटालियन जेझुइट धर्मोपदेशक मातेओ रिची पेकिंगमध्ये चंगला भेटला आणि त्याने त्याला चार ख्रिस्ती चित्रे दिली. हा रिची चीनला जाण्यापूर्वी, 1578 ते 1582 या काळात, गोवा आणि कोचीन येथे राहिला होता, म्हणजे शाईच्या या गोष्टीतील एक पात्र मांडवीच्या काठावरून पुढे गेलेले आहे. त्याने दिलेली चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली होती : पाण्यावरून चालणारा पीटर, एमाउसच्या वाटेवरील येशू, देवदूतासमोर आंधळे झालेले सोदोम नगरातील लोक आणि बाळाला घेतलेली मेरी. चंगच्या कारागिरांनी ती लाकडी ठशांत उतरवली आणि रिचीने लिहिलेल्या चिनी मजकुराशेजारी त्याचे उच्चार रोमन अक्षरांत छापले. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या इतिहासात ही पाने फार मोलाची मानतात, आणि ती टिकली आहेत एका शाईविक्रेत्याच्या पुस्तकात.

सतराव्या शतकाच्या मध्याला मिंग घराणे कोसळले आणि मांचूंचे छिंग घराणे आले, तरी ह्वेइचौच्या भट्ट्या थंड पडल्या नाहीत. या काळातील चार पेढ्या नामवंत आहेत : त्साओ सुगोंग, वांग जिनशेंग, वांग जिएआन आणि हू काइवेन. आता संचांचा जमाना आला. एकाच विषयावरील अनेक वड्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, रोगणाच्या पेटीत आपापल्या खळग्यात बसवलेल्या, असे हे संच मुळात उगाळण्यासाठी नव्हतेच. त्साओ सुगोंगच्या ‘जांभळ्या जेडची प्रभा’ या 36 वड्यांच्या संचात ह्वांगशान पर्वताची 36 शिखरे आहेत आणि वड्या शेजारी शेजारी मांडल्या, की पर्वतरांग पूर्ण होते. राजोद्यानांच्या एका संचात 64 वड्या आहेत : घंटा, पान, वीणा, गोल आरसा अशा नाना आकारांच्या, आणि प्रत्येकीवर बागेतील एक इमारत वारा, पाणी, झाडांसह उमटलेली. युआनमिंगयुआन या राजोद्यानातील वास्तू 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने जाळल्या. त्यांतील काही वास्तूंचे रूप शाईवर राहिले आहे, याचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. शेती आणि रेशीमविणकाम यांची सम्राट कांगशीने 1696 मध्ये कवितांसह प्रसिद्ध करवलेली चित्रमाला शाईवर आली, आणि छियानलोंग सम्राटाच्या काळी पश्चिम सरोवराच्या देखाव्यांचा लाल, निळ्या, हिरव्या अशा रंगीत शाईचा संचही झाला. रंगीत वड्यांतील लाल शाई हिंगुळाची असे. अर्जांवर लाल शाईत शेरे लिहिण्याचा अधिकार सम्राटाचा होता.

सम्राटासाठीची शाई, प्रांताधिकाऱ्यांनी दरबाराला नजर करण्याची शाई, विद्वानाने स्वतःचे नाव घालून करवून घेतलेली शाई, निव्वळ संग्रहासाठीची शाई आणि लग्न-वाढदिवसांना देण्याची शाई, असे जाणकार तिचे प्रकार पाडतात. त्यांत मला विद्वानांनी स्वतःसाठी करवून घेतलेली शाई सर्वांत जवळची वाटते. ती बहुधा साधी असते : एका बाजूला घराचे किंवा अभ्यासिकेचे नाव, दुसऱ्या बाजूला साल, कधी एखादी ओळ. तिच्यावर सोने नसते, पण काजळी उत्तम असते, कारण ती मागवणारा माणूस रोज लिहिणारा होता. ह्वेइचौतही हा भेद होता. शे जिल्ह्याची शाई विद्वानांच्या पसंतीची, शिउनिंगची नक्षीदार संचांची आणि वुयुआनची शाळकरी मुलांच्या व दुकानदारांच्या उपयोगाची, स्वस्त. अर्थातच चीनमध्ये बहुतेक अक्षरे या तिसऱ्या शाईने लिहिली गेली असणार आणि संग्रहालयांत नेमकी तीच सर्वांत कमी सापडते.

उतरती कळा लागली ती एकोणिसाव्या शतकात. 1865 मध्ये पेकिंगमध्ये यिदेग नावाचे दुकान निघाले आणि तेथे बाटलीतील तयार शाई विकायला लागली. परीक्षार्थींना दालनात बसून वडी उगाळण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचला. 1905 मध्ये त्या सरकारी अधिकारपदांच्या परीक्षाच बंद झाल्या, फाउंटन पेन आले आणि रोज शाई उगाळणाऱ्यांचा वर्ग पाहता पाहता विरळ झाला. हू काइवेनच्या पेढीने पृथ्वीच्या गोलाचे चित्र असलेली वडी काढली आणि तिला 1915 मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. विसाव्या शतकात ज्या संग्राहकांनी जुन्या वड्या शोधून, ताडून, त्यांच्या याद्या करून ठेवल्या, त्यांत चांग झगाओ हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट या विषयाला फार शोभून दिसते. ह्वेइ शाईची विद्या 2006 मध्ये चीनच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत आली आणि आन्ह्वेइमध्ये आजही काही ठिकाणी दिवे लावून काजळी धरली जाते.

पेकिंगच्या राजवाडा संग्रहालयात किंवा दुसरीकडे कुठे काचेमागे अशी वडी पाहण्याचा योग आला, तर आधी समोरील चित्राकडे पाहावे, कारण ते पाहण्यासाठीच केलेले आहे. पण मग खाली वाकून तिच्या अरुंद कडांकडेही पाहावे. एका कडेवर करणाऱ्याचे नाव आणि साल असते, माथ्यावर पुष्कळदा काजळीची प्रत नोंदवलेली असते आणि पाठीवर कविता असते. काही वड्यांचे एक टोक तिरके, गुळगुळीत झिजलेले दिसते आणि कवितेच्या शेवटच्या ओळीतील एक-दोन अक्षरे तेथे अर्धवट तुटलेली असतात. ती अक्षरे कोणीतरी पाण्यात कालवून दुसऱ्याच एखाद्या मजकुरात वापरली आहेत.